वाटीतली अंडी आणि आईची चतुर्थी

घरात मासे पाळायचे असतील, तर घरात उपवास कोण करतं हे आधी पाहून घ्यावं. मी पाहिलं नव्हतं.

गोंदियाजवळ कुडव्यातल्या आमच्या घरात मी काचेच्या टाकीत बोटाच्या पेराएवढ्या कॅटफिश पाळल्या होत्या. मिशावाल्या, दिवसभर तळाची वाळू हुंगत फिरणाऱ्या. त्यांची पिल्लं घरातच काढायची, हा माझा वर्षभराचा ध्यास! थंड पाणी मिळालं की त्या अंडी घालतात म्हणे, म्हणून फ्रीजमधल्या बाटल्या मी टाकीत ओतायचो (घरचे लोक कोमट पाणी प्यायचे).

"एवढ्याशा मासोळीची भाजी होत नाही, मंग पोसून राहिला कायले?" आई विचारायची.

अखेर एका सकाळी काचेवर अंडी चिकटलेली दिसली. मोठे मासे ती खाऊन टाकतात, म्हणून मी अलगद सोडवून स्टीलच्या वाटीत, पाण्यात ठेवली. आता वाटीत हवा सोडायला नळी हवी होती. वाटी ओट्यावर झाकून ठेवली आणि स्कूटर काढून गोंदियाच्या बाजारात गेलो. घरात कोणाला सांगायचं सुचलंच नाही.

परत येऊन पाहतो, तर वाटी गच्च भरलेली.

"आई, या वाटीत काय टाकलं?"

"साबुदाणा. आज माही चतुर्थी नाही का? सूनबाईनं चिमूटभरच भिजवला होता, मी मूठभर घातला."

"आई व, थे मासोळीचे अंडे होते!"

आईने वाटीकडे पाहिलं, मग देव्हाऱ्याकडे, मग माझ्याकडे.

"चतुर्थीच्या दिवशी?" ती एवढंच म्हणाली.

वाटी आता सरळ नालीत जाणार, अशी माझी खात्री झाली. वर्षभराची मेहनत! माझे डोळे खरोखर भरून आले.

"रडून कायले राहिला? परात आण."

तिने परातीत पाणी घातलं, वाटी ओतली, चष्मा लावला आणि तांदूळ निवडायला बसावं तशी बसली. "पिवळसर थे तुहे, पांढरं थे माहं," म्हणत चमच्याने एकेक अंडं उचलू लागली. उपाशीपोटी, तेही चतुर्थीला! जी बाई त्या दिवशी मासोळीचं नावही काढत नाही, ती माझ्यासाठी मासोळीची अंडी वेचत होती. मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तसं बोलूनही दाखवलं.

"कौतुक मंग कर. तिकडून निवड."

मीही दुसरी वाटी घेऊन बसलो. बायको आत आली, आम्हा दोघांना पाहून काही न विचारता बाहेर गेली आणि माहेरी फोन लावून हसत बसली.

माझी वाटी आईच्यापेक्षा दुपटीने भरली. नळी एकच होती. ती अर्थातच माझ्या वाटीत सोडली. जाणकाराने निवडलेली अंडी ती! आईच्या वाटीतलं मी नुसतं पाणी बदलायचो.

काही दिवसांनी आईच्या वाटीत केसाएवढी पिल्लं वळवळू लागली. आई खाली वाकून किती तरी वेळ पाहत राहिली. "इवल्याशा जीवाले डोळे बी आहेत पाह्य," ती हळूच म्हणाली. मग तिने माझ्या वाटीत डोकावून नाकाला पदर लावला.

"नळी काढ बापू. तुहे फुगून आंबले. आता थे खिचडीच्या बी कामाचे नाहीत."

वर्षभर मत्स्यपालनाचा अभ्यास करून मी इतके दिवस साबुदाण्याला ऑक्सिजन देत होतो!