पाचव्या सामन्याचा माणूस

परभणीत टेनिस खेळलं जातं यावर बाहेरच्यांचा विश्वास बसत नाही, आणि परभणीतल्या बहुतेकांना ते माहीतच नसतं. निजामाच्या काळात अंमलदारांसाठी बांधलेल्या क्लबामागे मुरमाचं एक कोर्ट आहे. जाळी तीन ठिकाणी सुतळीने शिवलेली आहे. आम्ही वीसेक सभासद, म्हणजे वकील, डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले, कॉलेजातले. सगळ्यांची पोटं सुटलेली आणि सगळेच स्वतःला फार समजणारे. त्यात मी पहिला.

देशादेशांच्या पुरुष संघांची ती मोठी टेनिस स्पर्धा असते ना, जिच्यात एक देश दुसऱ्याशी पाच सामने खेळतो आणि तीन जिंकेल तो पुढे जातो, तिची आम्ही दरवर्षी नक्कल करतो. दिवाळी उलटली की चिठ्ठ्या टाकून चार देश पाडायचे. मग संक्रांतीपर्यंत दर शनिवारी-रविवारी अर्जेंटिना विरुद्ध स्वीडन, क्रोएशिया विरुद्ध सर्बिया. सिंचन खात्यातून निवृत्त झालेला माणूस गळ्यात मफलर घालून 'आमच्या स्वीडनमध्ये' असं बोलायला लागतो आणि कुणाला हसूही येत नाही. माझा गुडघा गेल्यापासून मी खेळत नाही, पण संघनायक म्हणून बाहेर खुर्चीत बसून खेळणाऱ्यांना बोलायला गुडघा लागत नाही.

नियम मीच लिहिलेत. पाच सामन्यांत कोण कितव्या क्रमांकावर खेळणार याची यादी शनिवारी सकाळी द्यायची, आणि एकदा दिली की ती बदलायची नाही. अपवाद एकच, डॉक्टरांचा दाखला. हे कलम मी खऱ्या स्पर्धेच्या जुन्या नियमांवरून उचललं होतं आणि त्याचा मला अभिमान होता. एखाद्या संघाने पहिले तीन सामने जिंकले की उरलेले दोन नुसते उरकायचे. आम्ही त्यांना मेलेले सामने म्हणायचो. तोवर पोहे आलेले असत आणि कोर्टाकडे पाठ करून सगळे बशा चाटत असत.

असल्या मेलेल्या सामन्यांसाठी आमच्याकडे एक हक्काचा माणूस होता. पूर्णेला रेल्वेत मालगाडीवर गार्ड होता. मूळचा पेडगावचा, घरी भाऊ अजूनही मेंढरं राखतात. पूर्णेला रेल्वेचं जुनं कोर्ट होतं, तिथे साहेबलोकांचं बघून बघून तो खेळायला शिकला. ते कोर्ट मोडलं तेव्हा एका इंजिनिअरच्या ओळखीने आमच्यात आला. दर रविवारी सकाळच्या पॅसेंजरने यायचा, पांढरा शर्ट इस्त्री करून पिशवीत घडी घालून आणायचा आणि क्लबाच्या नळावर तोंड धुऊन मगच अंगात चढवायचा. चेंडू मारण्याची त्याची पद्धत कुठल्या पुस्तकात बसली नसती. विळ्याने कडबा कापावा तसा तो चेंडू कापायचा. पण पळायचा असा की पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस आहे हे खरं वाटू नये.

सहा मोसम तो खेळला आणि सहाही मोसम पाचव्या क्रमांकावर. एकदाही त्याचा सामना निकालाचा झाला नाही. तो जिंकला तर आम्ही बशी हातात धरून "वा गार्डसाहेब" म्हणायचो. आमच्यातल्या एकाने त्याचं नाव गार्डचा डबा पाडलं होतं, कारण तो नेहमी शेवटी. ते नाव मीच पाडलं होतं, उगीच कशाला लपवू.

तीन वर्षांपूर्वी चिठ्ठ्यांत तो माझ्या अर्जेंटिनात आला. त्याच दिवशी नळापाशी त्याने मला गाठलं. हात पुसत पुसत म्हणाला, "वकीलसाब, औंदा एक जित्ता सामना द्या बगा. हारलो तर हारलो. पन लोकायनं बगितलं पाहिजे." मी चारचौघांसमक्ष शब्द दिला. त्याने त्या शब्दावर रजा साठवल्या, ड्यूट्या बदलून घेतल्या आणि मधल्या वारीही सरावाला यायला लागला. मला बरंच झालं. आमच्या पहिल्या दोन खेळाडूंना चेंडू परत करणारा माणूस हवाच होता.

अंतिम सामना स्वीडनशी होता, म्हणजे त्या मफलरवाल्याशी. त्याने दहा वर्षं मला हरवलं होतं आणि दहा वर्षं वकिलांच्या बार रूमपर्यंत येऊन ते सांगितलं होतं. शनिवारी सकाळी मी यादी दिली, तेव्हा गार्डचं नाव पुन्हा पाचवं होतं. त्याने कागद वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मी वकिली जीभ सैल सोडली. पाचवा क्रमांक म्हणजे कणा, निकाल त्याच्यावर लागतो, भरवशाचा माणूस तिथेच ठेवतात, असं बरंच काही. त्याला ते पटलं. माणूस बिचारा खरं बोलणाऱ्यांत वाढलेला होता.

माझा हिशोब असा होता की निकाल चौथ्यातच लागेल. पण रविवारी दहाच्या सुमाराला दोन-दोन अशी बरोबरी झाली. पहिल्यांदाच पोह्यांकडे कुणी बघत नव्हतं. गार्ड कोर्टाच्या कडेला उड्या मारून अंग मोकळं करत होता. त्याचा चेहरा बघून कुणालाही आनंद झाला असता. मला घाम फुटला. समोर कृषी विद्यापीठातला एक तरणाबांड प्राध्यापक होता. आणि माझ्याकडे राखीव खेळाडू म्हणून बँकेत नुकताच बदलून आलेला एकोणतीस वर्षांचा अधिकारी बसला होता. कॉलेजात बक्षिसं घेतल्याचं तो दिवसातून दोनदा सांगायचा.

आमच्या धंद्यात डॉक्टरचा दाखला म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे. तारीख पुढे ढकलायची असली की अशिलाला कावीळ होते, साक्षीदाराची कंबर धरते. न्यायाधीशांनाही ते माहीत असतं. तो कागद असतो, त्याचा आजाराशी संबंध नसतो. मी आमच्या संघातल्या डॉक्टरला बाजूला घेतलं. तो दुहेरीत खेळून आला होता आणि त्यालाही मफलरवाल्याचं तोंड बंद झालेलं बघायचं होतं. दोन मिनिटांत ठरलं. नंतर आपण गार्डला सांगू, पार्टी देऊ, तोही हसेल, असंही आम्ही म्हणालो. ते म्हटल्याचं मला नीट आठवतं, कारण पुढे मी त्याच वाक्याला धरून झोपायला लागलो.

डॉक्टरने गाडीतून नळी आणली. चेहरा लाल दिसतोय, जरा बसा, असं म्हणत त्याने गार्डला खुर्चीत बसवलं आणि इस्त्रीच्या शर्टाची दोन बटणं काढून छातीला नळी लावली. एवढ्या उड्या मारलेल्या माणसाचं काळीज धडधडणारच. डॉक्टर बराच वेळ ऐकत राहिला. खरोखरीच्या पेशंटला त्याने इतका वेळ दिलेला मी पाहिलेला नाही. मग सगळ्यांच्या देखत म्हणाला, "ठोके चुकतायत. आज खेळलात तर मी जबाबदारी घेणार नाही."

गार्ड भांडेल म्हणून मी तयारीत होतो. तो भांडला नाही. त्याने रॅकेट हळूच मांडीवर ठेवली आणि विचारलं, "किती दिस हाय असं?" डॉक्टर म्हणाला, जुनं दिसतंय. दाखला लिहून झाला आणि मी तो मफलरवाल्याच्या हातात दिला.

बँकवाला एक-सहा, दोन-सहा असा हरला. चाळीस मिनिटंही लागली नाहीत. मला इतका राग आला की मी कुणाशी न बोलता गाडीकडे निघालो. गार्ड पाठोपाठ सावकाश, पावलं मोजल्यासारखा चालत आला. म्हणाला, माझ्यापायी हारलो वकीलसाब, माफी करा. मी म्हणालो, असू द्या. खरं तर तेव्हा मला तसंच वाटत होतं, की हा मेलेल्या सामन्यांचा राजा माझ्या संघात आला म्हणूनच हे सगळं झालं.

पुढच्या रविवारी सांगू म्हटलं, तर तो आलाच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टर म्हणाला, तू सांग, डोकं तुझं होतं. मी म्हणालो, सही तुझी आहे. असं आम्ही महिनाभर एकमेकांवर ढकललं आणि मग डॉक्टर पुण्याला मुलाकडे कायमचा निघून गेला. आता फोनवर तो हवापाण्याबद्दल बोलतो.

गार्डने ते दुखणं मनावर घेतलं. रेल्वेत कळलं तर गाडीवरून उतरवतील या भीतीने त्याने आधी कुठेच दाखवलं नाही. त्याच साली रेल्वेची नेहमीची तपासणी झाली आणि त्यात काही निघालं नाही. दुसरा एखादा खूश झाला असता. त्याने मला फोन करून सांगितलं की रेल्वेच्या डॉक्टरला कळलंच न्हाई, आपल्या डॉक्टरसाबानं नुसत्या नळीवर पकडलं, लय हुशार मानूस. मग गाडी आपल्या भरवशावर ठेवणं पाप आहे म्हणून त्याने स्वतःच अर्ज करकरून टेबलाचं काम मागून घेतलं. घरी मीठ बंद केलं. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात, जत्रेला भावांच्या ताटात मटण वाढलेलं असताना, हा अळणी वरणात भाकरी कुस्करून खायला लागला. भाऊ हसायचे, तो म्हणायचा हसा.

मग पोरीचं लग्न काढलं. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होती, वर्गात पहिली यायची, पुढे शिकायचं म्हणून रडली असं त्याच्या बायकोनेच सांगितलं. पत्रिका द्यायला नवरा-बायको माझ्या ऑफिसात आले होते. बायको म्हणाली, यांच्या जिवाचा भरवसा नाही, डोळ्यांदेखत होऊन जाऊ द्या. टेबलापलीकडे माझ्या मागे कायद्याच्या पुस्तकांची भिंत आहे. माझ्या तोंडातून एक वाक्य निघायला हवं होतं. मी मुलगा काय करतो ते विचारलं. लग्नाला गेलो. त्यांनी मला पहिल्या रांगेत बसवून फेटा बांधला, आणि यांच्यामुळंच मी जित्ता हाय, असं गार्डने व्याह्याला सांगितलं. मी हात जोडले. जेवलोही पोटभर, बुंदी दोनदा मागून घेतली.

स्वतःला शिव्या द्यायला मला आवडतं, त्याने हलकं वाटतं. पण शिव्या देऊन मी काहीही केलं नाही, एवढं इथे नोंदवलं पाहिजे. सांगितलं असतं तर माझं नाव गेलं असतं, क्लब गेला असता, कदाचित एखादी केसही झाली असती. मी ते सगळं तोलून पाहिलं आणि दरवेळी त्याचं आयुष्य हलकं भरलं.

गेल्या हिवाळ्यात तो परत यायला लागला, खेळायला नव्हे, गुण मोजायला. पंचाच्या उंच खुर्चीवर चढणं बरं नाही म्हणून साध्या खुर्चीत बसतो. शर्ट तसाच, इस्त्रीचा. अंगाने सुकला आहे. एका रविवारी दोन सामन्यांच्या मधे आम्ही दोघंच होतो. आदल्या आठवड्यात माझ्याच छातीत दुखलं होतं, नुसता गॅस निघाला, पण त्या दोन तासांत मी घाबरलो होतो. त्या भीतीच्या जोरावर मी त्याला म्हणालो की एकदा नांदेडला जाऊन सगळ्या तपासण्या करून घ्या. मी गाडी देतो, सोबत येतो. कदाचित काहीच नसेल. खऱ्याच्या इतक्या जवळ मी कधी गेलो नव्हतो.

तो गुणांच्या वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कदीच काई नव्हतं म्हनले तर?"

त्याने वही मिटली.

"मंग पोरीला कॉलेजातून कामून काढलं, हे तिला काय सांगू? गाडी कामून सोडली? अन् त्या दिशी मला खेळू कामून दिलं न्हाई, हे कुनाला इचारू?" एवढं बोलून त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, यादी वाचल्यावर बघितलं होतं तसं नाही, तर उत्तर देणाऱ्याकडे बघावं तसं. त्याला सगळं माहीत होतं किंवा त्या क्षणी कळलं होतं. आवाज मात्र साधाच होता. "दुखनं हाय म्हनून सगळं बरोबर हाय, वकीलसाब. ते राहू द्या. तुमीच सांगा, जाऊ का नको?"

तीस वर्षं मी लोकांच्या वतीने बोलतोय. त्या माणसाने मला एकदाच, स्वच्छ शब्दांत, संधी दिली होती.

"बरोबर आहे तुमचं," मी म्हणालो. "नका जाऊ."

त्याने मान हलवली आणि पुढच्या सामन्याची नावं वाचायला घेतली. आणि मला बरं वाटलं. लाज नंतर आली, पण त्या वेळी नुसतं बरं वाटलं, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं, आणि ते त्यानेच उतरवून घेतलं होतं.