देवाच्या डब्यातलं पीठ

सासूचं मनगट मी धरलं आणि पिरगाळलं. "सापडलात आत्या," म्हणाले. "साठा कुठं लपवलाय?" तिच्या मुठीतलं पीठ चुलीपुढं सांडलं आणि त्या पिठावरच ती कोसळली. हात माझ्या हातात राहिला. मनगट इतकं बारीक झालं होतं की माझी बोटं एकावर एक चढली होती.

तो मोठ्या दुष्काळाचा उन्हाळा. पडेगावात एका खोलीत आम्ही चौघी होतो: मी, दोन मुली आणि सासू. नवरा आदल्या वर्षी छातीच्या आजारानं गेला होता. मी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घरात रेशनची लाल ज्वारी, तीही पुरत नव्हती.

आमच्या ख्रिस्ती घरांत एक रीत होती. भाकरीचं पीठ मळायच्या आधी त्यातली एक मूठ देवाच्या डब्यात टाकायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी डबा चर्चमध्ये न्यायचा. ते पीठ मंडळीतल्या विधवांना आणि आजाऱ्यांना जायचं. मी विधवाच होते, पण पीठ घेणाऱ्यांच्या यादीत मी माझं नाव घालू दिलं नव्हतं. आपलं पीठ कुणाच्या चुलीवर शिजतं ते बायका गल्लीभर सांगणार, हे मी धरूनच चालले होते. निजामाच्या राज्यावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी लहान होते. तेव्हापासून बाप सांगायचा, कुणी फुकट काही दिलं तर आधी देणाऱ्याचं तोंड बघ. शाळा माझी चौथीपर्यंतच झाली, पण हा धडा पक्का बसला.

धाकटीला हगवण लागली. भाकरी पोटात ठरेना. मी देवाच्या डब्यातल्या तीन मुठी काढून पातळ पेज केली आणि तिला पाजली. दुसऱ्या दिवशीही काढल्या. रीतीची एक मूठ डब्यात पडायची आणि मी तीन काढायचे, तरी आठवडाभरात डब्यातलं पीठ खाली गेलं नाही.

शास्त्रात एका विधवेची गोष्ट आहे. दुष्काळात तिच्या मडक्यातलं पीठ सरलं नाही. दुसरी कुणी असती तर गुडघे टेकून बसली असती. मी डब्याच्या आतून, पीठ होतं तिथं, खिळ्यानं रेघ ओढली. मग तीन मुठी काढल्या. दुसऱ्या दिवशी पीठ पुन्हा रेघेला.

देव पीठ घालत असला तरी ते कुणाच्या तरी हातानंच पडणार. घरात मी सोडून मोठा हात एकच होता. म्हणजे म्हातारीकडं साठा आहे, आणि नाती उपाशी असताना ती तो चर्चला चारते आहे. मी तिची पेटी उपसली. एक लुगडं, सासऱ्यांचा चष्मा, गीतांचं पुस्तक.

सकाळी मी टँकरवर पाण्याला जायचे तेव्हा ती भाकरी करायची. त्या दिवशी मी अर्ध्या वाटेवरून रिकामी घागर घेऊन परतले आणि दाराआड उभी राहिले. तिनं परातीतून रीतीची एक मूठ डब्यात टाकली. मग दुसरी. तिसरीला मी आत शिरले आणि तिचं मनगट धरलं.

थोरलीनं तिच्या तोंडावर पाणी मारलं. तिनं डोळे उघडल्यावर मी पहिलं तेच विचारलं, "हे पीठ कुठलं?"

"माझ्या वाटणीचं."

"मग तुम्ही खाता काय? रोज म्हणता, आधीच खाऊन बसले."

"शेजारीण देती की सुकडी."

"खोटं."

"व्हय, खोटं. देवापुढं माझं मी बघून घेईन. तू मधी पडू नको."

"मी त्यातलं काढत होते, माहीत होतं तुम्हाला?"

"मी देवाला देत होते. त्यानं पुढं कुणाला द्यावं, ते मी कशाला विचारू? तुझ्या हातात दिलं असतं तर घेतलं असतंस? आधी वास घेतला असतास."

"आत्या, मेला असतात तुम्ही."

"देव चांगला हाय, पोरी."

"चांगला असता तर तुम्हाला उपाशी ठेवलं नसतं."

"त्यानं नाय ठेवलं," ती म्हणाली. "यादीत नाव कुणी नाय घातलं?"

त्या दिवशी कामावर गेले नाही. डब्यात होतं तेवढ्या पिठाच्या भाकरी केल्या, तिला खाऊ घातलं आणि रिकामा डबा घेऊन बायबलबाईकडं गेले. घरोघर शास्त्र शिकवणारी ही बाईच चर्चचं पीठ वाटायची.

"आलीस व्हय?" ती म्हणाली. "दर पहिल्या रविवारी तुझा वाटा काढून ठेवते अन् सोमवारी दुसरीला देऊन टाकते."

"काढायला कुणी सांगितलं?"

"तुझ्या सासूनं. म्हणली, घरी पाठवू नका, डबा फेकून मारील. आपल्या पायानं येईल तवा द्या."

बापानं सांगितलं होतं तसं मी तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. काही सापडलं नाही. डबा पुढं केला.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. त्यानंतर रोज सासूच्या पुढ्यात बसायचे आणि शेवटचा घास गिळेपर्यंत उठायचे नाही. कधी तोंड उघडून दाखवायला लावायचे. ती चिडायची. "थोडा तरी देवावर भरवसा ठेव की गं."

"त्याच्यावर ठेवलाय. तुमच्यावर नाही."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. धाकटी जगली, थोरली जगली, मी जगले. सासूही जगली, आणखी नऊ वर्षं.