नंदेसरीची बनावट

बडोद्यात वासण्याला माझं जनावरांच्या औषधांचं दुकान आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा रेल्वेत खलाशी होते. दुकानाच्या पाटीवर माझी पदवी मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. तबेल्यांतले गुरं पाळणारे भरवाड मला डॉक्टरबेन म्हणतात. मी डॉक्टर नाही, हे सांगून थकले.

त्या दुपारी दोन साहेब आले. एक गुजरातच्या औषध खात्याचे, दुसरे दिल्लीच्या खात्यातले, मूळ नागपूरकडचे. खोटी लेबलं लावलेल्या औषधांवर धाडी चालल्यात हे मी ऐकून होते. पण धाड दुसऱ्याच्या दुकानावर पडते, असंच आपण धरून चालतो. नागपूरच्या साहेबांनी फळीवरून एक बाटली उचलली. म्हशीची कास सुजली की टोचायचं इंजेक्शन.

"ही कुठली?"

मराठी ऐकून मला धीर आला. मी पटकन म्हणाले, "नंदेसरीची बनावट आहे, साहेब."

"बनावट? म्हणजे ठाऊक असून विकत होतात?"

आम्ही बडोद्याची माणसं. घरात मराठीच बोलतो, पण गुजराती शब्द कधी आत येऊन बसतात ते कळत नाही. गुजरातीत बनावट म्हणजे अमुक ठिकाणी तयार झालेली वस्तू, एवढंच; नंदेसरी ही आमच्याजवळची कारखान्यांची वसाहत. मराठीत तोच शब्द माणसाला तुरुंगात घालील. आणि साहेब तो लिहूनही घेत होते.

गुजराती साहेब हसले. "अरे साहेब, बेन 'मेक' कहे छे!"

"मेक? लेबलवरच्या पत्त्यावर कारखानाच नाही. आम्ही जाऊन आलो, नुसत्या बाभळी आहेत. म्हणजे बाई, गुजरातीत तुम्ही चुकलात आणि मराठीत बरोबर बोललात."

कोपऱ्यातल्या स्टुलावरून बाबा उठले. "साहेब, पोरगी शिकलेली आहे. ती असलं करेल का?"

"शिकलेलेच करतात, काका."

बाबा परत बसले. साहेबांनी विचारलं, "मग काय लिहू? नंदेसरीचं उत्पादन?"

मी हो म्हणणारच होते. मग लक्षात आलं, नसलेल्या कारखान्याची हमी मी देऊन बसले असते. म्हणाले, "लिहा, लेबलवर नंदेसरी छापलं होतं, मी विश्वास ठेवला. आत काय आहे ते मला ठाऊक नव्हतं."

त्यांनी तसंच लिहिलं. "तपासणीत काय निघतं ते बघू. विकलेल्या बाटल्या परत आणा."

खोकं सील करून ते गेले. मागच्या तबेल्यातल्या भरवाडणीने आदल्या दिवशी एक बाटली नेली होती. बाबा म्हणाले, "फोन कर. जाऊ नकोस, चार माणसं जमतील." मी गेले.

म्हैस आडवी पडली होती. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. "डॉक्टरबेन, बे वार टोच्युं. सोजो उतरतो नथी." दोनदा टोचूनही कासेची सूज तशीच होती.

मी बाटली मागितली. का, तेही सांगितलं.

"तमने खबर हती?"

साहेबांना दिलेलं उत्तर मी तिलाही दिलं, या वेळी गुजरातीत. ते बोलताना माझा आवाज मलाच खोटा वाटला. तिने बाटली मुठीत घट्ट धरली. "आ हुं नहीं आपुं. मारो घरवाळो आवे पछी वात." नवरा येईपर्यंत ती बाटली देणार नव्हती.

गल्लीत मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. मी दारातून हलले नाही.