व्यायामाने बिघडणारे पाय

पास्कलकाका चालता चालता भिंत धरून उभे राहिले. दोन्ही पाय थरथरत होते.

"पोरी, तू चालवतेस तेव्हाच पायांचं पानी होतं. बसलो की बरा."

"आळस आहे मॅडम," मेरीकाकू खुर्चीतून म्हणाल्या. "घरी पन असंच."

गोखिवऱ्यातल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये काकांचा हा तिसरा आठवडा. पाचूबंदरला त्यांची बोट आहे, पण चार महिने ते समुद्रावर गेले नव्हते. MRI मध्ये कंबरेच्या मणक्यांमधली गादी सरकलेली. ऑपरेशन शुक्रवारी. तोवर ताकद टिकावी म्हणून मी व्यायाम देत होते आणि ताकद कमीच होत होती.

मी त्यांना झोपवलं. हातोडीच्या टोकाने पायाच्या तळव्यावर रेघ ओढली. अंगठा वर उठला. मोठ्या माणसाचा तो खाली वळायला हवा. वर उठतो म्हणजे दोष मेंदूत किंवा मज्जारज्जूत, स्पायनल कॉर्डमध्ये; दोन्ही पाय जातात म्हणजे बहुधा कॉर्डमध्येच. कॉर्ड कंबरेच्या वरच्या भागातच संपते. ही गादी त्याच्या बरीच खाली. ती असं करूच शकत नव्हती.

ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना फोन लावला.

"सर, अंगठा वर जातोय. पाठीचाही MRI करू या."

"रिपोर्टमध्ये गादी आहे ना?"

"आहे. पण व्यायामाने बिघडतंय आणि बसलं की सुधारतंय. रक्तपुरवठ्याचा दोष असला तर?"

"म्हणजे ऑपरेशन थांबवू?"

"फक्त एक MRI, सर. चुकले तर समोर येऊन माफी मागेन."

पलीकडे रिपोर्ट चाळल्याचा आवाज आला.

"उद्या सकाळी पाठवा."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचाच फोन. "मॅडम, कॉर्ड सुजलीय. आणि मागे काळ्या नागमोडी रेघा आहेत. शिरा आहेत त्या. फुगलेल्या!"

कॉर्डला पुढून एक आणि मागून दोन बारीक धमन्या रक्त देतात. वाटेत बाजूने आणखी काही येऊन मिळतात. त्यातली सगळ्यात मोठी बहुधा छातीच्या खालच्या भागात असते. पायांची मदार तिच्यावर. काकांच्या कॉर्डच्या आवरणात एक धमनी थेट शिरेला जोडली गेली होती. धमनीचा सगळा जोर शिरेत. रक्ताचा निचरा तुंबलेला. चाललं की जोर वाढायचा आणि पाय जायचे. म्हणजे तीन आठवडे मीच भर घालत होते.

शुक्रवारचं ऑपरेशन रद्द झालं आणि मुंबईत अँजिओग्राफी झाली. जांघेतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी तो जोड शोधला. मोठी धमनी त्याच ठिकाणाहून निघत असती, तर तिथे औषधी गोंद सोडता आला नसता. तीही बंद झाली असती. ती निघाली दोन मणके खाली. गोंद सोडला, जोड बंद!

तीन महिन्यांनी काका काठीशिवाय बोटीवर चढले. मेरीकाकू धक्क्यावर उभ्या राहून रडत होत्या आणि त्यांना हळू चढा म्हणून ओरडतही होत्या. डाव्या तळव्याला अजून मुंग्या येतात. चालायचंच.

सर्जन आता अधूनमधून स्वतःहून विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" मीही एक सवय लावून घेतलीय. रिपोर्टचं पाकीट पेशंट तपासून झाल्यावरच उघडते.