हात मागे बांधलेल्या मेश्रामबाई

मेश्रामबाई वर्गात फिरायच्या तेव्हा त्यांचे दोन्ही हात पाठीमागे असायचे, एका हाताने दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. वाघोलीच्या आमच्या शाळेत माझी तिसरी ‘ब’ आणि त्यांची तिसरी ‘अ’. मध्ये फक्त एक भिंत. मला वाटायचं, पाठ दुखत असेल. विचारलं तर म्हणाल्या, “मोकळे राहिले का हे हात मुलांच्या कामात जातात.”

बाई मूळच्या भंडाऱ्याच्या. पुण्यात पंचवीस वर्षं काढूनही ‘का’च्या जागी येणारं त्यांचं ‘काहून’ गेलं नव्हतं. शाळेत टॅब आले तेव्हा आम्ही बाकीच्या शिक्षिका टॅब चालू करून, धडा उघडून मुलांच्या हातात द्यायचो. तास वेळेत संपायचा. बाईंच्या वर्गात पहिला आठवडा नुसता टॅब उघडण्यात गेला. मी तसं म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “काहून घाई करता? अडू द्या थोडं.” त्यांची मुलं स्वतः धडा वाचायची, टॅबवर आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकायची आणि स्वतःच्या चुका स्वतः वहीत लिहायची.

याच पद्धतीमुळे त्या एकदा अडचणीत आल्या. पालकसभेत रोशनी नावाची मुलगी सगळ्यांसमोर टॅबवर आपलं वाचन रेकॉर्ड करून दाखवणार होती. तिचे वडील बांधकामावर रंगकाम करायचे. त्या दिवशी मजुरी बुडवून आले होते. रेकॉर्डिंग काही केल्या सुरू होईना. वडील उठले तसं बाईंनी त्यांना थांबवलं. मी पुढे झाले, मलाही थांबवलं. रोशनी चार-पाच मिनिटं खटपट करत राहिली आणि मग रडायला लागली.

“पोरगी रडती अन् तुम्ही नुसत्या बघत उभ्या?” वडील म्हणाले आणि तिला घेऊन निघून गेले. मुख्याध्यापिकांकडे तक्रार गेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी रोशनीच्या वडिलांची माफी मागितली. “चारचौघांत अडू दिलं, ती माझी चूक,” असं त्या सरळ म्हणाल्या. टॅबला मात्र त्यांनी तेव्हाही हात लावला नाही. मधल्या सुट्टीत रोशनीनेच शोधून काढलं की टॅबमधली जागा भरली होती. जुनं वाचन पुसलं की नवीन मावतं, हे मग तिने अख्ख्या वर्गाला शिकवलं. माझ्या वर्गालाही.

जानेवारीत नगर रस्त्यावर बाईंची स्कूटर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. बदली शिक्षक मिळेना, म्हणून दोन्ही वर्ग माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी धास्तीने ‘अ’मध्ये गेले, तर मुलं टॅब वाटून घेऊन वाचायला बसली होती. कुणी अडलं तर शेजाऱ्याला विचारत होतं. मी दारात थोडी उभी राहिले आणि परत आले.

दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा कौतुकाने हे सगळं सांगितलं. म्हटलं, “तुमच्यावाचून काही अडत नाहीये, बाई.” त्या खूश होतील असं मला वाटलं होतं. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. तिकडेच बघत म्हणाल्या, “हेच पाहिजे होतं मला. वाईट काहून वाटून राहिलं, समजत नाही.” मग मी विषय बदलला.

मार्चच्या शेवटी त्या वॉकर घेऊन आल्या. निवृत्तीला महिना उरला होता. आम्ही दोघी ‘अ’च्या दारात उभ्या राहिलो. मुलं कानाला हेडफोन लावून लिहीत होती, कुणाचं लक्ष गेलं नाही. शेवटी रोशनीने वर बघितलं. ती उठली, खुर्ची ओढून दाराशी आणली आणि म्हणाली, “बाई, बसा हं. माझं एवढं होऊ द्या, मग येते.”

आणि ती जागेवर जाऊन पुन्हा ऐकायला लागली.

बाई बसल्या. तिचं होईपर्यंत बसून राहिल्या.