पुणे ते जळगाव, एक तास पाच मिनिटं

कोळवणच्या म्हसू कोकरे यांनी जन्मभर अंतर मजलांनी मोजलं. मेंढरं सकाळी सुटली आणि तिन्हीसांजेला बसली, की एक मजल. साठीला टेकलेला हा माणूस घाट उतरून कोकणात गेलेला, भीमेपलीकडेही चालत गेलेला. विमानात मात्र एकदाच बसला, आणि तेही मी बसवलं म्हणून.

त्यांची मुलगी राजनंदिनी वनरक्षक भरतीत निवडली गेली होती. कागदपत्रांची पडताळणी जळगावला, दुपारी दोनपर्यंत. मूळ प्रत नसेल तर निवड रद्द, असं पत्रातच होतं. भुकूमला माझ्या घरी बसून तिची फाइल मीच लावून दिली होती. त्या दिवशी सकाळी सव्वासहाला जळगावहून तिचा फोन आला.

"काका, फायलीत जातीचा दाखलाच न्हाई!"

मी कोळवणला फोन लावला. तिची आई चिमाबाई रडायलाच लागल्या. नवी वस्तू असो की नवं जित्राब, आधी देवापुढे, ही त्यांच्या घरची रीत. लेक निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी दाखला काढून बिरोबापुढे ठेवला होता, वर भंडारा वाहिला होता. परत फाइलमध्ये घालायचा राहिला.

रस्त्याने जळगाव नऊ तास. मी विमान पाहिलं: हवेतून सुमारे तीनशे वीस किलोमीटर, एक तास पाच मिनिटं, सुटणार अकरा वीसला. तिकीट काढलं आणि म्हसूदादांना सांगितलं, "आधार कार्ड घ्या, मिळेल त्या जीपने निघा."

ते भुकूमला पोचले तेव्हा सव्वाआठ वाजले होते. दहा वीसला विमानतळावरची खिडकी बंद होणार होती. चांदणी चौकात माझी गाडी जी अडकली, ती वीस मिनिटं जागची हलली नाही.

"साहेब, उतरून चालू का?"

"अजून वीस किलोमीटर आहे, दादा."

"मंग हितं बसून तरी कुटं चाललोय? तुमचं जळगाव जवळ हाय वो, इमानच लांब हाय!"

मला हसू आलं नाही. विमानतळाच्या दारात दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. दाखला छातीशी धरून ते आत गेले. मी बाहेर उभा. अकरा वीस झाले, बारा झाले. विमान बारा वाजून दहा मिनिटांनी सुटलं. एक वाजून पन्नास मिनिटांनी मी राजनंदिनीला फोन केला.

"काका, माझा नंबर दोनदा पुकारला. मी मागं मागं सरकतीया. आबा अजून—"

एकदम तिची किंकाळीच ऐकू आली. "आबा! आई बरी हाय ना?"

म्हसूदादा कार्यालयाच्या आवारात बोडक्याने धावत येत होते, हे तिने मला नंतर सांगितलं. डोक्यावर मुंडासं नसलेला बाप तिने फक्त आजा गेला तेव्हा पाहिला होता.

"आईला काय झालंय? धर हे आधी!" ते धापा टाकत होते. "पुण्यात तपासणीला समदे पट्टे, घड्याळं ट्रेत ठेवत हुते, म्या मुंडासं ठेवलं. ऱ्हायलं तितंच. पळ, दोन वाजत्यात!"

फोन चालूच होता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. कुणीतरी विचारलं, "याला पिवळं काय लागलंय?"

"देवाचा भंडारा, साहेब," म्हसूदादा म्हणाले. "झाडून देऊ का?"

"राहू द्या," तो माणूस म्हणाला, आणि शिक्का आपटल्याचा आवाज आला.