दुसऱ्या अंकाआधीचं जेवण

नाटकवाल्यांकडे किस्से साठायला नाटक चालावंच लागतं असं नाही. बुडालेल्या नाटकाचे जास्त साठतात! सांगलीत अजून कोणी भेटलं की विचारतं, "मुंबईत काय मिळालं रं?" मी सांगतो, "जगभरचं जेवण!"

आमचं हौशी नाटक स्पर्धेत पहिलं आलं आणि मुंबईचा एक निर्माता म्हणाला, "हे मी व्यावसायिक रंगभूमीवर आणतो." आम्ही हुरळलो. सगळ्यात जास्त हुरळल्या शोभावहिनी. शिवणक्लास सांभाळून उभी हयात नाटक केलेली बाई. नाटकात त्या विट्याकडच्या एका आईचं काम करायच्या. मुलगा परमुलखात गलाईला, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्याला गेलेला, अशी आई. "एकदा मुंबईच्या स्टेजवर हीच आई घिऊन हुबं ऱ्हायचंय," म्हणायच्या, "मग काय बी हुंदे."

निर्मात्याला ऑफिस नव्हतं की काय, देव जाणे. दर वेळी नाट्यगृहाजवळच्या एखाद्या परदेशी हॉटेलात बोलवायचा. देश मात्र दर वेळी वेगळा!

*

पहिल्यांदा जपान. आमचे भूपालअण्णा नाटकात बापाचं काम करायचे. अण्णा पक्के जैन. त्यांनी आधीच वेटरला गाठलं. "कांदा-लसूण घालतासा काय?"

"अजिबात नाही सर!"

अण्णा खूश. म्हणाले, "बघा, जपानी मानूस पन आपल्यातलाच हाय." मग बशी आली. भातावर गुलाबी तुकडे. अण्णांनी विचारलं, "ह्ये काय?"

वेटर अभिमानाने म्हणाला, "सर, प्युअर मासा! कच्चा!"

त्या दिवशी अण्णा पाण्यावर राहिले. निर्माता मात्र पोट धरून हसत होता. पाहुण्याला काय चालतं हे एकदा विचारावं, एवढं त्याला सुचलं नाही.

*

नंतर इटली. दुपारी खास त्याच्यासाठी आम्ही तालमीच्या हॉलमध्ये प्रयोग लावला होता. सेट सांगलीहून टेम्पोने आणलेला. मध्यंतरात साहेब उठले. म्हणे, "टेबल बुक आहे. दुसरा अंक पुन्हा कधी तरी निवांत बघू."

स्पर्धेतही तो असाच मध्यंतरात गेला होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

आम्ही सेट उतरवत होतो तेव्हा साहेब परतले. आमच्यासाठी पिझ्झाचा खोका. उघडला तर चारच तुकडे.

आमचे दिग्दर्शक आप्पा म्हणाले, "नाटक अर्धं बघितलं, पिझ्झा पन अर्धाच आनलाय. मानूस हिशोबाला पक्का हाय!"

*

कोरियन हॉटेलात टेबलातच शेगडी होती. आपलं आपणच भाजून खायचं. तिथे निर्मात्याने भाषेचा विषय काढला. "ते 'न्हाई', 'हाय', 'लय' जरा सॉफ्ट करा. इथल्या प्रेक्षकाला झेपत नाही."

एवढं बोलून त्याने मेन्यूकार्ड उघडलं आणि एकेका पदार्थाचं नाव आम्हाला घोटून म्हणायला लावलं. आप्पांचा उच्चार चुकला तर दोनदा दुरुस्त केला!

आप्पा मूळचे कराडचे. किती ऐकून घेणार? म्हणाले, "सायेब, कोरियाचं कोबीचं लोनचं तुमास्नी झेपतं, आन् कराडचं 'न्हाई' झेपत न्हाई व्हय?"

साहेबांनी तिखट लागल्यासारखं करून पाणी मागवलं.

*

लेबनीज हॉटेलात भिंतभर नट-नट्यांचे फोटो. मधे एक चौकट रिकामी. वहिनी मॅनेजरला म्हणाल्या, "ही जागा ठिवा बरं का माझ्यासाटी." सगळे हसले. वहिनी हसल्या नाहीत.

पुढच्या खेपेला तिथून जाताना काचेतून पाहिलं तर चौकट भरली होती. मालिकेतली कुणी गोड मुलगी. वहिनी काचेजवळ गेल्या. म्हणाल्या, "साडी मातर चापून नेसलीय."

*

शेवटचं थाई. दुपारची वेळ. निर्मात्याच्या शेजारी तीच फोटोतली मुलगी बसलेली! "आईचं काम ही करेल. नाव मोठं आहे, बुकिंग होतं. शोभाताई, तुम्ही हिला तयार करा. तो मुलगा गेल्याचा सीन आहे म्हणे, तो आत्ताच करून दाखवा ना. ही मोबाईलवर शूट करेल."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

तो प्रसंग दुसऱ्या अंकातला. आई सुपात जोंधळे निवडत असते. मुलगा वारल्याचा फोन येतो. ती ऐकते, फोन ठेवते आणि पुन्हा खडे वेचायला लागते. डोळ्यांत टिपूस नाही, तोंडातून शब्द नाही. सांगलीला त्या वेळी थिएटरात कोणी खोकतसुद्धा नसे.

वहिनी उठल्या. अंबाडा सोडला. आणि ऊर बडवून असा हंबरडा फोडला की शेजारची टेबलं उठून उभी राहिली! "माज्या वाघा रं!" म्हणत त्यांनी टेबलावर कपाळ आपटलं. वेटर पाणी घेऊन धावला. शूट करता करता त्या मुलीचे डोळे भरून आले.

"हेच! अगदी हेच पाहिजे मला!" निर्माता ओरडला.

आप्पांनी टेबलाखाली माझा गुडघा दाबून धरला. अण्णा ताटाकडे बघत बसले.

वहिनींनी केस बांधले. त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. "रोज आसंच करायचं बाळ. जरा बी कमी न्हाई."

मग खाली बसल्या, ताट पुढे ओढलं आणि मला म्हणाल्या, "भावजी, मीठ सरकवा की हिकडं."